दिवा लागला, काच तापली का?

जुलैचा शनिवार, ऑफिसची चौकडी, ताम्हिणी घाट आणि भजी-चहाचा बेत... एकदम झकास! पण चार ओली जॅकेट्स आणि चौघांचे श्वास, सगळं बाष्प काचांवर बसतं. पुढच्या काचेला एसीची हवा मिळते. मागचीला? तिचा वाली एकच, डिफॉगर. आरशात मागून येणारा ट्रक दिसणार की नुसतं पांढरं, हे त्या छोट्याशा बटणावर ठरतं.

मागच्या काचेवरच्या बारीक आडव्या रेषा शोभेच्या नाहीत, बरं का! त्यांतून वीज गेली की काच तापते आणि बाष्प उडून जातं. भूक मात्र दांडगी, साधारण १० ते २० अँपिअर. म्हणूनच बहुतेक गाड्यांत बटण फक्त रिलेला इशारा देतं आणि रिले काचेकडे वीज सोडतो. म्हणजे बटणावरचा दिवा लागला तरी काच थंड असू शकते.

माझ्या गाडीत नेमकं हेच झालं. गॅरेजवाल्याने निदान केलं, ‘काचच बदला साहेब!’ म्हणजे काही हजारांना चाट. म्हटलं, आधी आपण तपासू.

स्टेप १ : इंजिन सुरू करून बटण दाबा. डॅशबोर्डमधून ‘टिक’ ऐकू आलं? मग बटण आणि रिले बोलतायत.

स्टेप २ : आवाज नाही? फ्यूज बघा. तो ठीक असेल तर बटण काढून मल्टिमीटर लावा. साध्या ऑन-ऑफ बटणाला ऑनवर बीप, ऑफवर शांतता हवी. दोन्हीकडे शांतता म्हणजे बटण गेलं. नव्या गाड्यांत बटण कॉम्प्युटरला जोडलेलं असतं, तिथे सर्व्हिस सेंटरच गाठा.

स्टेप ३ : काचेवर आतून तोंडाची वाफ सोडा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. रेषांलगतची वाफ आधी विरायला हवी. एखाद्याच रेषेवर ती रेंगाळली तर रेषा तुटलीय. त्यावर वीजवाहक चंदेरी रंगाचा ठिपका पुरतो.

माझ्याकडे ‘टिक’ होती, फ्यूज ठणठणीत, पण एकही रेषा तापेना. शेवटी काचेच्या कडेला वायरची पट्टी निसटलेली सापडली. बसवली, झालं! खर्च शून्य.

आता थोडी काळजी. काच आतून पुसताना फडकं रेषांच्या दिशेनेच फिरवा, आडवं-उभं घासू नका. आतून लावलेले स्टिकर्स ब्लेडने खरवडू नका, सोबत रेषाही निघतात. फ्यूज बदलाल तर तेवढ्याच अँपिअरचा, जास्तीचा लावलात तर वायरिंग जळू शकतं.

सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. शुक्रवारी पार्किंगमध्येच उरकून टाका. घाटात, मुसळधार पावसात ही परीक्षा कशाला घ्यायची, बॉस?