छोटी टेप, मोठी कॅसेट

गोकुळ रोडवरच्या आमच्या घरी धाकट्या भावाच्या मुंजीचं शूटिंग व्हिडिओ-एट कॅमकॉर्डरवर झालं. ती टेप 8 मिलिमीटर रुंद, घरच्या व्हीसीआरची व्हीएचएस टेप 12.7 मिलिमीटर. म्हणून टीव्हीवर निवांत पाहायला व्हीएचएसवर कॉपी काढावी लागे.

कॅमकॉर्डरच्या 'आउट'मधून व्हीसीआरच्या 'इन'मध्ये वायर जोडायची: पिवळी चित्राची, पांढरी नि लाल आवाजाची. व्हीसीआर मोनो असेल तर नुसती पांढरी. मग व्हीसीआर 'एव्ही'वर ठेवून इकडे प्ले, तिकडे रेकॉर्ड. तासाभराच्या शूटिंगला पूर्ण तास लागे. शेवटी कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा टॅब मोडायचा, म्हणजे चुकून पुसलं जात नसे.

अशा प्रत्येक कॉपीत चित्र थोडं पुसट होतं, रंग पसरतात. आम्ही तर कॉपी झाल्यावर मूळ टेपवर दुसरंच कार्य घेतलं. आजीचा चेहरा आणि मांडवामागचा तेव्हाचा रस्ता आता त्या पुसट कॉपीतच उरलाय.

2016 मध्ये जपानच्या फुनाई कंपनीनेही व्हीसीआर बनवणं थांबवलं. तेव्हा व्हीएचएस डिजिटल करायला देण्याआधी कपाटात छोटी मूळ टेप आहे का, ते बघा. अस्सल दस्तऐवज तोच.