इसार दिला, खरेदीखत राहिलं

पैसे रोख मोजले, चार पंचांसमोर बांध दाखवला आणि त्याच पावसाळ्यात नवा माणूस जमीन कसू लागला. मुद्रांक शुल्क वाचलं, तालुक्याची खेपही. वीस-पंचवीस वर्षांनी विकणारा वारतो, वारसनोंदीने मुलांची नावं सातबाऱ्यावर चढतात, शेजारून रस्ता जातो, भाव वाढतो आणि मुलं तीच जमीन तिसऱ्याला रीतसर विकून मोकळी होतात.

आता मालक कोण?

मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54 म्हणतं, शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. (शंभराचा आकडा 1882 सालचा, तो आजवर कुणी बदललेला नाही.) पंच फार तर पैसे दिल्याचं सांगतील. फेरफारही मालकी देत नाही, ती नोंद महसुलापुरती. कलम 53-अ कब्जेदाराला संरक्षण देतं, पण त्याला लेखी करार लागतो, 2001 पासून तर नोंदणीकृत.

म्हणून तिसरा निर्धास्त झाला, असंही नाही. जमीन प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्या हक्काची माहिती खरेदीदाराला होतीच, असं कायदा गृहीत धरतो. शेतात दुसऱ्याचा ऊस उभा आणि विहिरीवर दुसऱ्याची मोटर असताना ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणून भागत नाही. तोंडी सौदा सिद्ध झाला, तर न्यायालयातून खरेदीखत करून मागता येतं. मात्र दावा ठरल्या तारखेपासून, आणि तारीख ठरली नसेल तर नकार कळल्यापासून, तीन वर्षांत लावावा लागतो. बहुतेकांची गाडी इथंच चुकते.

मग उरते प्रतिकूल कब्ज्याची, म्हणजे मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे सलग ताबा ठेवून हक्क मिळवण्याची वाट. तिचं नामांकित उदाहरण मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट. सरकारने 1865 मध्ये ती जागा पालिकेला बिनभाड्याने देण्याचा ठराव केला, पण रीतसर दस्त झालाच नाही. 1940 मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी सारा मागितला. सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये निकाल दिला, की दस्त नसला तरी सत्तर वर्षांहून जुन्या उघड वहिवाटीने पालिकेचा बिनभाड्याचा हक्क पक्का झाला आहे.

खासगी जमिनीवर अशा ताब्याची मुदत बारा वर्षांची, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या निकालानंतर कब्जेदार स्वतःही असा दावा लावू शकतो. गोम वेगळीच आहे. ‘खरेदीखत नंतर करून देतो’ या बोलीवर ताबा घेतला असेल, तर तो परवानगीचा ठरतो आणि बारा वर्षं मोजायलाच सुरुवात होत नाही. ‘विक्री तेव्हाच पुरी झाली’ म्हणणाऱ्याची बाजू त्यामानाने बळकट. त्यामुळे उलटतपासणीत वकील पंचाला आधी हेच विचारतात, की त्या दिवशी बांधावर नेमकं काय बोलणं झालं.