सशाला आणि गिनीपिगला खाऊ आपल्या शिवारातला

दुकानातले रंगीत योगर्ट ड्रॉप्स आणि मधाच्या कांड्या आणू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ससा आणि गिनीपिग हे गवतावर जगणारे प्राणी. जास्त साखर-पिठाने त्यांच्या आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचा तोल बिघडतो.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात तर उत्तम खाऊ दारात मिळतो. राहात्याचा पेरूच घ्या! गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज खाण्यातूनच मिळावं लागतं. १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या वर असतं, म्हणजे संत्र्याच्या जवळपास चौपट. तरी पेरू गोड, म्हणून आठवड्यातून दोनदा छोटी फोड पुरे. रोजच्यासाठी ढोबळी मिरची चांगली, तिच्यात साखर कमी. सशाला हे जीवनसत्त्व बाहेरून लागत नाही. त्याला कोथिंबिरीच्या दोन-चार काड्या द्या, खूश होतो. फवारणी न झालेल्या पेरूच्या कोवळ्या फांद्या दोघांनाही कुरतडायला द्याव्यात, कारण त्यांचे दात आयुष्यभर वाढत असतात.

लसूणघास गाईंसाठी सगळीकडे असतो, पण त्यात कॅल्शियम फार. वाढत्या पिल्लांना चालतो. मोठ्यांना क्वचितच, चिमूटभर. त्यांचं रोजचं पोट हरळीसारख्या गवतानेच भरावं.

कांदा, लसूण, कच्चा बटाटा मुळीच नको. कोवळी ज्वारीही नको. जनावरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, ती तिच्यातल्याच विषाने. बांधावरचं गवत आणताना तिथे तणनाशक मारलंय का, हे आधी शेतमालकाला विचारा.