विश्लेषण : फुप्फुसातली बुरशी कुणाला जड जाणार? पहिल्याच दिवशी अंदाज बांधता येतो का?

केमोथेरपी सुरू असलेला, किडनी प्रत्यारोपण झालेला किंवा संधिवातासाठी अनेक महिने स्टेरॉइड घेणारा रुग्ण ताप, कोरडा खोकला आणि धाप घेऊन रुग्णालयात येतो. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसे धूसर दिसतात. अशा रुग्णांमध्ये डॉक्टरांना ज्या आजारांची शंका येते, त्यात 'न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया' असतो. नातेवाइकांचा प्रश्न एकच असतो : बरे होतील ना?

ही बुरशी कोणती?

न्यूमोसिस्टिस यिरोवेसी. करोनाकाळात महाराष्ट्राने पाहिलेला म्युकरमायकोसिस वेगळा. ब्राझीलचे कार्लोस शागास यांना हा जीव १९०९ मध्ये दिसला, पण तो परजीवी समजला गेला. ती बुरशी असल्याचे १९८८ मध्ये जनुकीय अभ्यासातून कळले. गंमत म्हणजे बुरशीवरची अनेक नेहमीची औषधे तिच्यावर चालत नाहीत, कारण ती ज्या घटकावर मारा करतात तो एर्गोस्टेरॉल तिच्या पेशीपटलात नसतो. उपयोगी पडते ते को-ट्रायमॉक्साझोल हे जुने, स्वस्त प्रतिजैविक.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या साथरोग साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांना हाच न्यूमोनिया झाल्याची नोंद आली. त्यातले दोघे दगावले होते. एड्सची ती पहिली नोंद मानली जाते.

एचआयव्ही नसलेल्यांना धोका जास्त का?

हे ऐकायला उलटे वाटते, पण खरे आहे. एचआयव्हीबाधितांमध्ये या आजाराचा मृत्युदर साधारण १० ते २० टक्के असतो. कर्करोग, प्रत्यारोपण किंवा स्टेरॉइडवरील रुग्णांमध्ये तो अनेक अभ्यासांत ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जातो. या दुसऱ्या गटात फुप्फुसातली बुरशी कमी असते. नुकसान होते ते शरीराच्या स्वतःच्या दाहामुळे. एचआयव्हीत आजार काही आठवडे हळूहळू वाढतो, इथे काही दिवसांतच रुग्ण ऑक्सिजनवर जातो. शिवाय बुरशी कमी असल्याने सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीत ती निसटते आणि पीसीआर करावी लागते. म्हणजे निदान उशिरा आणि आजार वेगवान.

त्यामुळेच एचआयव्ही रुग्णांवर बेतलेला अंदाज कर्करोगाच्या रुग्णाला जसाच्या तसा लावता येत नाही.

अंदाज कशावरून बांधतात?

सर्वात बोलका आकडा ऑक्सिजनचा. धमनीतील रक्तात ऑक्सिजनचा दाब ७० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर आजार मध्यम ते तीव्र समजतात. एचआयव्हीबाधितांना अशा वेळी औषधासोबत स्टेरॉइड दिल्यास जीव वाचण्याची शक्यता वाढते, मात्र ते पहिल्या ७२ तासांत सुरू व्हावे लागते. इतर रुग्णांत स्टेरॉइडचा फायदा किती, यावर डॉक्टरांचे एकमत नाही. बसल्या जागी ऑक्सिमीटरवर ९५ दिसते आणि चार पावले चालले की आकडा घसरतो, हेही या आजाराचे लक्षण. करोनातली सहा मिनिटांची चालण्याची चाचणी आठवा.

त्यानंतर वय, रक्तातील एलडीएच हे विकर (ते चढत राहिले तर चिन्ह वाईट), कमी अल्ब्युमिन आणि औषधाला झालेला उशीर. बीटा-डी-ग्लुकॅन ही तपासणी निदानाला मदत करते, पण तिचा आकडा मोठा म्हणजे धोका मोठा, असे म्हणता येत नाही.

मग संगणकाला विचारले तर?

हे सारे आकडे घेऊन मृत्यूची शक्यता सांगणारी मॉडेल तयार होतात. त्यांचा दर्जा बहुधा 'एयूसी'ने सांगतात : ०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे अचूक. पण एयूसी फक्त क्रम तपासतो, म्हणजे जास्त धोक्याचा रुग्ण वर लागला की नाही. मॉडेलने ज्या १०० जणांना ४० टक्के धोका सांगितला, त्यांतले खरोखर ४० च्या आसपास दगावले का, हा प्रश्न वेगळा आणि नातेवाइकांसाठी तोच महत्त्वाचा.

दुसरी अडचण संख्येची. आजार विरळ, त्यामुळे एकेका रुग्णालयाकडे नोंदी कमी. थोड्या नोंदींवर शिकलेले मॉडेल मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका पाठ केलेल्या विद्यार्थ्यासारखे असते. पेपर बदलला की गडबडते. आपल्याकडे अशा खोकल्यात आधी टीबीची शंका घेतली जाते. त्यात गेलेले दिवस दुसऱ्या देशातल्या नोंदींत तसेच उमटलेले असतील असे नाही.

काही मॉडेल 'व्हेंटिलेटर लागला' हाही निकष धरतात. तो धोका खराच, पण पहिल्या दिवशी निर्णय घेणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

अहवाल येईपर्यंत थांबायचे का?

नाही. शंका बळकट असेल तर औषध आधी सुरू करतात. त्यानंतरही बुरशीचे अंश काही दिवस नमुन्यात सापडतात, त्यामुळे तपासणी वाया जात नाही. उपचार साधारण २१ दिवसांचे. सुरुवातीच्या तीन-चार दिवसांत प्रकृती आणखी ढासळू शकते, म्हणून औषध फसले असे ठरवायला डॉक्टर चार ते आठ दिवस वाट पाहतात.

आजार टाळण्यासाठी हेच औषध कमी मात्रेत देतात. एचआयव्हीत सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेल्यावर ते सुरू होते. रोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन महिनाभर चालणार असेल आणि प्रतिकारशक्ती कमी करणारे दुसरे कारणही असेल, तर त्याचा विचार होतो. सल्फाची अ‍ॅलर्जी असल्यास डॅप्सोनसारखे पर्याय आहेत. मात्र डॅप्सोनआधी जी-६-पीडीची तपासणी करतात. हे विकर कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्या गोळीने फुटू शकतात.