डॉर्चेस्टर : वाचलेले चर्च, नांगरलेले तट

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या आग्नेयेस टेम ही लहान नदी टेम्सला मिळते. या संगमाजवळचे डॉर्चेस्टर हे आज छोटेसे खेडे आहे. एवढ्याशा गावात एखाद्या शहराला शोभेल असे भव्य चर्च कसे, असा प्रश्न तेथे जाणाऱ्याला पडतो. कारण इतकेच की, डॉर्चेस्टर कायम खेडे नव्हते.

दोन नद्यांनी तीन बाजूंनी वेढलेल्या जमिनीवर लोहयुगीन लोकांनी वस्ती केली आणि उघड्या उत्तर बाजूस मातीचे दुहेरी तट उभारून मध्ये खंदक खणला. हेच ‘डाइक हिल्स’. पुढे रोमनांनी जवळच तटबंदीचे नगर वसवले. इ. स. ६३५च्या सुमारास पोपने धाडलेल्या बिरिनसने वेसेक्सचा राजा किनेगिल्स याला येथे बाप्तिस्मा दिला आणि डॉर्चेस्टर बिशपचे पीठ बनले. नॉर्मन विजयानंतर, १०७०च्या दशकात हे पीठ लिंकनला गेले. बाराव्या शतकात ऑगस्टिनियन मठ आला. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत, १५३६ मध्ये, तोही बरखास्त झाला.

अशा मठांच्या छपरांचे शिसे विकले जाई आणि दगड आसपासच्या बांधकामांना लागत. डॉर्चेस्टरमध्ये हे टळले ते रिचर्ड ब्यूफॉरेस्ट या गावातील धनिकामुळे. त्याने १४० पौंड मोजून चर्चचा पूर्वभाग घेतला आणि मृत्युपत्राद्वारे तो गावाला दिला. येशूची वंशावळ दगडी वृक्षाच्या रूपात कोरलेली चौदाव्या शतकातील खिडकी आज तेथे पाहता येते, ती त्यामुळेच.

मातीच्या तटांना मात्र असा वाली मिळाला नाही. १८७० मध्ये ते शेतीसाठी सपाट केले जाऊ लागले. जमीन खासगी, अडवायला कायदाच नव्हता. लष्करी अधिकारी व पुरातत्त्वज्ञ लेन फॉक्स, म्हणजे पुढचे पिट-रिव्हर्स, यांनी याविरुद्ध आवाज उठवला, तरी तटांचा काही भाग गेलाच. या सपाटीकरणातच १८७४ मध्ये रोमन काळाच्या अखेरचे एक दफन आणि त्यातील लष्करी पट्ट्याचे धातूचे भाग सापडले. इतरत्रही अशी नासाडी चालूच होती. अखेर १८८२ मध्ये प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा पहिला ब्रिटिश कायदा झाला आणि पिट-रिव्हर्स पहिले निरीक्षक नेमले गेले.

मात्र मालकाच्या संमतीवाचून या कायद्याचे काही चालत नसे. मालमत्तेच्या हक्काला हात लावण्यास पार्लमेंट कचरत होते. भारतात हा संकोच फारसा आड आला नाही: लॉर्ड कर्झनच्या काळातील १९०४च्या कायद्यात स्मारक सक्तीने संपादन करण्याची तरतूद होती. मायदेशात मालकाच्या मर्जीविरुद्ध स्मारक वाचवण्याचा अधिकार सरकारला मिळाला तो १९१३ मध्ये.

त्यानंतरही सारे वाचले असे नाही. गावाजवळचे ‘बिग रिंग्ज’ हे नवाश्मयुगीन वर्तुळाकार स्थळ दुसऱ्या महायुद्धानंतर खडीच्या खाणीत गेले. त्याआधी घाईने उत्खनन तेवढे झाले. डाइक हिल्सचे उरलेले तट मात्र नदीकाठच्या कुरणांलगत आजही उभे आहेत.