पडद्यामागचा दिवा

वर्गातील मोठ्या पडद्यावर रात्रीच्या आकाशाचे चित्र आले आणि खोलीतील दिवे मालविले, म्हणजे ते आकाश काळे न दिसता राखी दिसते. हा दोष चित्राचा नसून पडद्याच्या घडणीचा आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळनजीक पिंगुळी येथे ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करितात. पांढरा पडदा, त्यामागे दिवा, आणि दोहोंच्या मध्ये रंगविलेली पातळ चामड्याची बाहुली. प्रकाश दिव्याचा असतो. बाहुली तो कोठे अडविते, कोठे रंगवून पुढे सोडते. आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखविला, तेव्हाही फितीमागे दिवाच होता. एल.सी.डी. पडदा याच कुळातला होय.

त्यात बाहुलीचे काम द्रवस्फटिक करितो. हा चमत्कारिक पदार्थ १८८८ साली राइनित्झर नामक ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञास आढळला. तो पाण्यासारखा वाहतो, परंतु त्याचे कण स्फटिकासारखे शिस्तीत राहतात. एकाच दिशेने डोलणाऱ्या प्रकाशलहरींना वाट देणारे दोन ध्रुवक एकमेकांशी काटकोनात ठेविले, तर प्रकाश अडतो. त्यांच्यामधील द्रवस्फटिक लहरींची दिशा वळवून त्यांस वाट करून देतो. विजेचा दाब बदलला की हे वळविणे कमीअधिक होते. अशा झडपांचे २०,७३,६०० ठिपके साध्या पडद्यावर असतात, व प्रत्येकात तांबडी, हिरवी व निळी अशा तीन खिडक्या.

परंतु झडप पुरती मिटत नाही. मागचा दिवा जळतच असतो, आणि थोडा प्रकाश झिरपतो. पुष्कळशा पडद्यांत सर्वांत उजळ पांढरा हा सर्वांत गडद काळ्याच्या सुमारे हजारपटच असतो. शिवाय ध्रुवक निम्मा प्रकाश गिळतो, रंगीत खिडक्या उरलेल्याचा बराचसा भाग. डोळ्यापर्यंत दिव्याच्या प्रकाशाचा दहावा हिस्साही क्वचितच पोहोचतो. विजेचे बिल मात्र सगळ्याचे!

यावर युक्ती अशी की, मागील दिव्यांचे शेकडो विभाग करून जेथे अंधार हवा तेथील दिवे मंद करावयाचे. पण विभाग शेकडो आणि ठिपके वीस लाख! एका चांदणीसाठी तिचा सारा विभाग उजळतो, आणि चंद्राला पडते तसे तिच्याभोवती खळे पडते.

ओएलईडी पडद्यात मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो व विझतो, म्हणून तेथील काळा खरोखरीचा काळा. मात्र त्यातील सेंद्रिय द्रव्य झिजते, आणि एकच चित्र फार काळ राहिल्यास त्याचा ठसा उमटतो. जेथे दिवसभर वेळापत्रक झळकत राहावयाचे, त्या शाळेने वर्गणीच्या पैशांतून असा पडदा घेणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

दुकानाच्या झगमगाटात काळ्याची परीक्षा होत नाही. दुकानदारास दिवे मालवावयास सांगावे, संपूर्ण काळे चित्र लावावयास सांगावे, आणि पडद्याचे चारी कोपरे न्याहाळावेत. प्रकाश बहुधा कडांकडूनच आधी डोकावतो.