कोरियातली हिवाळी सुट्टी : शाळा बंद, पण शिक्षक?



इंग्रजी घेऊन बी.एड. केलेले बरेच जण दक्षिण कोरियात शिकवायला जाता येईल का, असं विचारतात. पगार किती, घर मिळतं का, व्हिसाचं काय, हे सगळं विचारून होतं. सुट्टीबद्दल मात्र कोणी नीट चौकशी करत नाही. शाळा बंद म्हणजे आपण मोकळे, असं गृहीत धरलेलं असतं. तिथला हिवाळा हा समज पहिल्याच वर्षी मोडतो, म्हणून आज त्याबद्दल लिहितो आहे.

कोरियात शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होतं आणि फेब्रुवारीत संपतं. हिवाळी सुट्टी डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीच्या सुरुवातीला लागते. काही शाळा फेब्रुवारीत थोडे दिवस भरतात, निरोप समारंभ करतात आणि पुन्हा मार्चपर्यंत बंद होतात. काही शाळा समारंभ आधीच उरकून थेट मार्चमध्ये उघडतात. म्हणजे मुलांच्या दृष्टीने ही आपल्या मे महिन्याच्या सुट्टीसारखीच मोठी सुट्टी. फरक इतकाच की बाहेर पारा शून्याखाली असतो आणि सेऊलमध्ये रात्री उणे दहापर्यंत गेला तरी कोणाला नवल वाटत नाही.

आता शिक्षकाचं. सरकारी शाळांत परदेशी इंग्रजी शिक्षक प्रामुख्याने 'एपिक' या कार्यक्रमातून येतात. तो 1995 मध्ये सुरू झाला. तुमच्या करारात भरपगारी रजेचे दिवस मोजून दिलेले असतात आणि ते मुलांच्या सुट्टीपेक्षा बरेच कमी असतात. उरलेल्या दिवसांत दोनच गोष्टी होतात. एक तर हिवाळी इंग्रजी शिबिर घ्यायचं, नाही तर रिकाम्या शाळेत येऊन खुर्चीत बसायचं. या बसण्याला तिथले परदेशी शिक्षक गमतीने 'डेस्क वॉर्मिंग' म्हणतात, म्हणजे टेबल गरम ठेवणं! प्रत्यक्षात गार पडतो तो माणूसच, कारण वर्गात हीटर असला तरी जिने आणि व्हरांडे बर्फासारखे असतात. मुलं नसल्यामुळे शाळेतलं जेवणही बहुधा बंद असतं, तेव्हा डबा घरूनच न्यायचा.

शिबिर मात्र मनापासून घेण्यासारखं आहे. एरवी पाठ्यपुस्तक आणि कोरियन सहशिक्षक यांच्या आधाराने तास चालतो. शिबिरात आखणी बहुतेक तुमची असते. मुलं थोडी, परीक्षा नाही, पुस्तक नाही. आपल्याकडे बालआनंद मेळाव्यात मुलं दुकानं मांडतात ना, तसा खोटे पैसे वापरून बाजार भरवा. 'हाऊ मच इज धिस?' हे वाक्य एका सकाळी पक्कं होतं. उच्चारांकडेही लक्ष द्या. कोरियन भाषेत इंग्रजी 'एफ'चा ध्वनी नाही, म्हणून 'कॉफी'चं 'कोपी' होतं. शब्दाच्या शेवटी स्वर जोडायची सवय असल्यामुळे 'बस'चं 'बसु'सारखं काहीतरी ऐकू येतं. (हसण्याआधी आपला 'फॅन' तपासा. मराठी 'फ' मुळात ओठ मिटूनच निघतो, त्यामुळे हीच अडचण आपल्या मुलांनाही येते.)

'हागवॉन' म्हणजे खासगी क्लास. तिथलं गणित अगदी उलटं असतं. शाळा बंद झाल्या की क्लासमध्ये जादा वर्ग सुरू होतात आणि शिक्षकाचे तास वाढतात. करारावर सही करण्याआधी सुट्टीतले तास आणि त्यांचा मोबदला लेखी विचारून घ्या.

भारतीयांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. इंग्रजी शिक्षकांचा ई-2 व्हिसा मुख्यतः 7 इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांना मिळतो. भारत आणि कोरियातला आर्थिक भागीदारी करार 1 जानेवारी 2010 पासून लागू झाला आणि त्यात पात्रताधारक भारतीयांना शाळांमध्ये सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून वाट मिळाली. ही वाट रुंद नाही. 'आधी पर्यटक व्हिसावर या, नंतर बघू' असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. आणि हो, सुट्टीत घरी शिकवण्या घेण्याचा मोह होईल. पालक स्वतःहून विचारतील, पैसेही चांगले देऊ करतील. ई-2 व्हिसावर परवानगीशिवाय खासगी शिकवणी घेणं बेकायदा आहे. दंड होतो, देशाबाहेरही काढू शकतात. आपल्याकडे शिकवणी घेणं ही रोजची गोष्ट वाटते म्हणून मुद्दाम सांगतो.

घराचं म्हणाल तर तिथे फरशीखालून उष्णता देणारी 'ओंदोल' पद्धत असते. चटई टाकून जमिनीवर झोपायची सवय असेल तर फारच सुख! पण रजा घेऊन गावाला जाताना बॉयलर पूर्ण बंद करू नका, पाइप गोठतात. बॉयलरवर 'बाहेर गेलो आहे' अशा अर्थाचं बटण असतं, ते दाबून जा. कडाक्याच्या थंडीत नळही थेंबथेंब चालू ठेवतात.

रस्त्यावर भाजलेली रताळी मिळतात, उपवासाची आठवण येते. माशाच्या आकाराचा 'बुंगओप्पांग' पाहून शाकाहारी लोक दचकतात, पण आत बहुधा गोड लाल चवळीसारख्या दाण्यांचं सारण असतं, अगदी पुरणाच्या वळणाचं. खरी काळजी किमचीबद्दल घ्या, तिच्यात अनेकदा मासळीचा किंवा कोळंबीचा खार असतो.

जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत 'सोल्लाल', म्हणजे चांद्र नववर्ष येतं. 3 दिवस सुट्टी. गणपतीत कोकण रेल्वेचं होतं तसं तिथल्या गाड्यांचं होतं, तिकिटं आधीच संपतात. बरीच दुकानं बंद राहतात. सगळे आपापल्या गावी, आणि आपण खोलीत एकटे. हे दिवस जड जातात, तेव्हा रजा जोडून प्रवास ठरवायचा असेल तर तो शरद ऋतूतच ठरवा. घरी फोन करताना लक्षात असू द्या, कोरिया आपल्या साडेतीन तास पुढे आहे.

फेब्रुवारीत आणखी एक होतं. सरकारी शाळांतल्या कोरियन शिक्षकांच्या काही वर्षांनी बदल्या होतात आणि त्या मार्चपासून लागू होतात. वर्षभर तुमचं बँकेचं, दवाखान्याचं, घरमालकाचं सगळं बघणारी सहशिक्षिका कदाचित दुसऱ्या शाळेत जाईल. तिची बदली आहे का हे आधीच विचारा आणि तुमच्या कराराचे, विम्याचे, घराचे कागद ती असतानाच समजून घ्या.